वाचणाऱ्या समाजाने चालायलाही हवे!

वर्षावासाचे तीन महिने आमच्या वस्तीतील विहारात दररोज सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. गावोगावच्या विहारांत होते तसेच. गेली कित्येक वर्षे हे वाचन वस्तीतले एक काका करीत असत. कारखान्यातून निवृत्त झालेले, रात्रशाळेत शिकलेले, आवाज खणखणीत. एकही शब्द न अडखळता वाचायचे. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते मध्येच थांबले. ग्रंथ जवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसून पुन्हा घातला. मग शेजारी बसलेल्या मुलीच्या हातात ग्रंथ देत म्हणाले, “पोरी, आज तू वाच. मला ओळी वाकड्या दिसायला लागल्यात.”

सर्वांना वाटले मोतीबिंदू असेल, ऑपरेशन केले की झाले. पण तपासणीत निघाले ते वेगळेच. बारा वर्षांच्या शुगरने डोळ्याचा पडदा आतून खराब केला होता. काकांना दुखले नव्हते, खुपले नव्हते, डोळा लाल झाला नव्हता. गोळ्या कधी घेत, कधी संपल्या की महिनाभर घेत नसत. निवृत्तीनंतर दिवस बसण्यात जायचा. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी टीव्ही आणि विहार. लेझर झाले, इंजेक्शने झाली, उरलेली नजर वाचली. पण ग्रंथ वाचण्याइतकी परत आली नाही. आजही काका विहारात येतात. भिंतीला टेकून बसतात आणि ऐकतात.

समाजबांधवांनो, हा एका काकांचा प्रश्न असता तर वैचारिक पानावर ही जागा अडवली नसती. पण आपल्या वस्तीवस्तीत पाहा. ज्यांनी दिव्याखाली बसून अक्षर शिकले, पोरांना शिकवले, चळवळीची पुस्तके विकत घेऊन वाचली, त्याच पिढीची नजर आज जात आहे. हजारो वर्षे आपल्याला अक्षरबंदी होती. ती बंदी मोडून आपण वाचू लागलो. आता कोणाची बंदी नाही, तरी डोळ्यांअभावी वाचन बंद पडत असेल तर तो चळवळीचा प्रश्न आहे. आणि यातला मोठा भाग टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी कोणा बुवाची, महागड्या औषधाची गरज नाही. रोज नेमाने चालण्याची, अंग हलवण्याची गरज आहे.

व्यायामाचा आणि डोळ्यांचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. व्यायामाने दंड सुटतात, पोट कमी होते हे सर्वांना ठाऊक आहे. डोळ्याला त्याचे काय? म्हणून आधी डोळा काय आहे ते समजून घेऊ. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो त्यावर आपल्याला दिसणारे चित्र उमटते. हा पडदा शरीरातील सर्वात जास्त प्राणवायू खाणाऱ्या भागांपैकी एक आहे. तो पुरवण्यासाठी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे तिथे पसरलेले असते. रक्तात साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या वाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. त्या पाझरतात, पडद्याला सूज येते, काही ठिकाणी त्या बंद पडतात. मग शरीर घाईघाईने नव्या वाहिन्या उगवते; पण त्या कच्च्या असतात, फुटतात, आणि डोळ्यात रक्त उतरते. रक्तदाब वाढलेला असेल तर हे सारे आणखी लवकर होते. म्हणजे काकांचा आजार डोळ्याचा नव्हताच. तो रक्ताचा आणि रक्तवाहिन्यांचा होता. दिसला मात्र डोळ्यात.

आता व्यायाम काय करतो ते पाहा. आपण चालतो तेव्हा मांड्यांचे, पोटऱ्यांचे मोठे स्नायू काम करतात. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो, आणि त्यासाठी त्याला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. चालणे थांबल्यावरही साधारण एक-दोन दिवस शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देते. म्हणूनच डॉक्टर सांगतात की लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खाडा नको. नियमित चालण्याने रक्तदाबही उतरतो, वजन आटोक्यात राहते. ज्या दोन शत्रूंनी पडद्याच्या वाहिन्या फोडायच्या, त्या दोघांनाही व्यायाम उंबरठ्यावरच अडवतो. डोळ्याचे रक्षण होते ते असे, पायांच्या मार्गाने.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. बाबासाहेबांनी आपल्याला पुरावा मागायला शिकवले आहे, म्हणून पुरावाच पाहू. चीनमधील दाचिंग शहरात १९८६ साली एक प्रयोग सुरू झाला. ज्यांची साखर वाढू लागली होती पण अद्याप मधुमेह झालेला नव्हता, अशा ५७७ लोकांचे गट केले. काहींना आहार सुधारायला लावला, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. आणि एका गटाला नेहमीप्रमाणेच राहू दिले. सहा वर्षे हा कार्यक्रम चालला. प्रयोग सुरू झाल्यापासून वीस वर्षांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा आहार-व्यायाम पाळणाऱ्यांत पडद्याच्या गंभीर विकाराचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी आढळले. सहा वर्षांच्या शिस्तीचे फळ वीस वर्षांनी डोळ्यांत दिसले!

आपल्या देशातही चेन्नई येथे असाच अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना रोज किमान अर्धा तास चालायला व आहारात बदल करायला सांगितले. तीन वर्षांत त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. या अभ्यासातील एक बाब मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. ज्यांचे कामच अंगमेहनतीचे होते त्यांना वेगळा व्यायाम करायला लावले नव्हते. आहे ते चालू ठेवा एवढेच सांगितले होते. या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात बीव्हर डॅम नावाच्या गावी सुमारे पाच हजार लोकांच्या डोळ्यांवर वीस वर्षे लक्ष ठेवले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बैठे जीवन जगणाऱ्यांपैकी ६.७ टक्के लोकांची नजर अधू झाली, तर हालचाल करणाऱ्यांत हे प्रमाण २ टक्केच होते. अर्थात, जे चालतात-फिरतात ते मुळातच अधिक निरोगी असू शकतात, त्यामुळे सारे श्रेय व्यायामालाच देता येणार नाही. पण वेगवेगळ्या देशांतील निष्कर्ष एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर त्याकडे डोळेझाक करणे शहाणपणाचे नाही.

हे आपल्याला लागू पडते का? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका देशव्यापी अभ्यासात दर आठ मधुमेहींमागे एकाच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला आढळला. मधुमेह हा श्रीमंतांचा आजार, ही समजूत आता सोडून द्यावी. शहरातल्या झोपडपट्टीत तो आहे, तालुक्याच्या गावात आहे, आणि आपल्या माणसाकडे तो उशिरा कळतो, कारण दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नाही ही आपली जुनी सवय, आणि एक दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही ही आपली जुनी अडचण.

बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांकडे पाहिले तर अंतःकरण भरून येते. मधुमेह, रक्तदाब, संधिवात अशा व्याधींनी त्यांचे शरीर पोखरले होते. १९५४ साली जून ते ऑक्टोबर ते बराच काळ अंथरुणाला खिळून होते, आणि तेव्हा दृष्टीही क्षीण झाली होती. ज्या महामानवाने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून ते बंद होईपर्यंत वाचन केले, ज्याने पुस्तकांसाठी ‘राजगृह’ उभारले, त्याच्यावर नजर मंदावण्याची पाळी यावी! तरीही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेचे कागद मागवून घेतले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

बाबासाहेबांनी आपले शरीर आपल्यासाठी झिजवले. त्यांना स्वतःकडे पाहायला वेळच नव्हता. सहा-सात कोटी लोकांचा संसार त्यांच्या डोक्यावर होता. पण आपण काय करतो? जयंतीला ठिकठिकाणी अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. उपक्रम स्तुत्य आहे, याविषयी दुमत नाही. मात्र अठरा तास खुर्चीला चिकटून राहणे म्हणजे बाबासाहेबांचे अनुकरण, एवढाच अर्थ तरुणांनी घेतला तर तो अपुरा आहे. बाबासाहेबांची ज्ञाननिष्ठा घ्यावी. त्यांना ज्या व्याधींनी छळले त्या आपण आळसाने ओढवून घेऊ नयेत, हेही त्यांच्या जीवनापासून शिकावे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत चौदा-पंधरा तास बसणारी, वडा-पाव आणि चहावर दिवस काढणारी आपली मुले मी पाहतो. पंचविशीत पोट सुटलेले, जाड भिंगाचा चष्मा, घरात आईवडिलांना शुगर. ही मुले अधिकारी होतील, जरूर व्हावीत. पण चाळिशीत त्यांच्या पडद्यावर लेझर मारावे लागणार असेल तर त्या खुर्चीचा उपयोग समाजाला किती वर्षे होणार? अर्ध्या तासाने उठा, पाच मिनिटे चाला, लांब पाहा, पुन्हा बसा. यात अभ्यास बुडत नाही.

लहान मुलांचा विषय तर आणखी निकडीचा आहे. चौथी-पाचवीतल्या मुलांना चष्मे लागत आहेत. लांबचे न दिसण्याचा हा दोष, ज्याला आपण उणे नंबर म्हणतो, तो डोळ्याचा गोळा लांबट होत गेल्याने येतो. घरात आईवडिलांना असेल तर मुलांना येण्याची शक्यता वाढते हे खरे, पण बंद खोलीत पुस्तक किंवा मोबाइल डोळ्याजवळ धरून बसण्याचाही त्यात वाटा असतो. यावर सर्वात स्वस्त उपाय म्हणजे उघड्यावर खेळणे. चीनमधील ग्वांगजौ शहरात बारा प्राथमिक शाळांत प्रयोग झाला. सहा शाळांत पहिलीच्या मुलांना दररोज ४० मिनिटे जादा मैदानात घालवायला लावली. तीन वर्षांनी त्यांच्यात ३०.४ टक्के मुलांना नवा चष्मा लागण्याची वेळ आली, तर इतर शाळांत ३९.५ टक्के. तैवानने तर २०१० पासून मुलांनी रोज १२० मिनिटे बाहेर घालवावीत असा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. यात धावण्यापेक्षा दिवसाच्या लख्ख उजेडाचा परिणाम अधिक असावा असे शास्त्रज्ञ मानतात. उजेडाने पडद्यात डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि डोळ्याची अवाजवी वाढ रोखली जाते. तेव्हा लगोरी, कबड्डी, खो-खो, लंगडी खेळणाऱ्या पोराला “अभ्यास सोडून उनाडक्या करतो” म्हणून आत ओढू नका. तो त्याच्या डोळ्यांचेच काम करतो आहे.

पण खेळणार कुठे? खरा प्रश्न इथे आहे! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान असावे असे बंधन घातले. आपल्या वस्तीतली शाळा पाहा. दोन खोल्या, समोर वाहनतळ, मागे नाला. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखीव असलेल्या जागेवर कधी मंगल कार्यालय उभे राहते, कधी कोणाच्या तरी नावाचा मॉल. उच्चभ्रू वसाहतीत सकाळी फिरायला बाग आहे, फरशीची वाट आहे, बाके आहेत. आमच्या बायाबापड्यांनी फिरायचे कुठे? हमरस्त्यावर, ट्रकच्या धुरात? पूर्वी आपल्याला पाणवठ्यावर मज्जाव होता, आता मोकळ्या जागेवर आहे. फरक इतकाच की आता पाटी लावलेली नसते. मैदानाची मागणी ही करमणुकीची मागणी नाही. ती आरोग्याच्या हक्काची मागणी आहे. आपल्या नगरसेवकांनी, सरपंचांनी गटाराइतकाच पाठपुरावा मैदानाचाही करावा.

यावर आपलेच काही कार्यकर्ते म्हणतील, “साहेब, व्यायाम हे पोट भरलेल्यांचे चोचले. आमची माणसे दिवसभर राबतात, त्यांना कसला व्यायाम सांगता?” आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर टाळून चालणार नाही. ऊसतोड करणारी बहीण, विटा वाहणारा भाऊ, गटारात उतरणारा सफाई कामगार यांना चालण्याचा उपदेश करणे ही त्यांची थट्टा आहे. चेन्नईच्या अभ्यासात अंगमेहनत करणाऱ्यांना वेगळा व्यायाम सांगितला नव्हता तो याचसाठी. त्यांच्या डोळ्यांना गरज आहे ती वेगळी. उन्हात टोपी, धुळीत व वेल्डिंगच्या ठिणग्यांत संरक्षक चष्मा, पुरेसे पाणी, विश्रांती, पोटभर सकस अन्न, आणि दुखापत झाल्यास वेळेवर उपचार. हे मालकाने व सरकारने द्यायचे आहे, आणि ते मागण्यासाठी संघटना हवी.

परंतु समाजाचा मोठा हिस्सा आता या कामांतून बाहेर पडला आहे, आणि ही बाबासाहेबांचीच पुण्याई आहे. आजोबा शेतात राबले, वडील गिरणीत उभे राहिले, मुलगा कार्यालयात टेबलापाशी बसतो, नातू संगणकापुढे. तीन पिढ्यांत आपण उभ्याचे बसते झालो. पण ताटातला भात मात्र आजोबांच्याच मापाचा राहिला! श्रमाची सक्ती गेली हे उत्तमच झाले. तिच्या जागी स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या हितासाठी केलेली हालचाल यायला हवी होती, ती आली नाही. रखवालदार, वाहनचालक, शिवणकाम करणाऱ्या भगिनी, दुकानात गल्ल्यावर बसणारे, शिक्षक, कारकून यांना दिवसभराच्या कामाने थकवा येतो, पण शरीराला चाल मिळत नाही. थकवा म्हणजे व्यायाम नव्हे, हे लक्षात घ्यावे.

महिलांबाबत तर आपण सारेच दोषी आहोत. घरकाम होते म्हणजे व्यायाम झाला, असे पुरुषांनी परस्पर ठरवून टाकले आहे. आई, बायको संध्याकाळी अर्धा तास फिरायला निघाली तर “आता स्वयंपाकाच्या वेळी कुठे निघालीस?” हा प्रश्न आपल्याच घरात विचारला जातो. त्या अर्ध्या तासात भाकरी नवऱ्याने थापली तर समतेचे काही बिघडणार नाही, उलट ती घरात येईल. स्त्रीची शुगर उशिरा तपासली जाते, डोळे तर त्याहून उशिरा. ज्या समाजाने हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणारा नेता पाहिला, त्या समाजात हे शोभत नाही.

आपल्या परंपरेत व्यायाम परका आहे असेही कोणी समजू नये. योगाचे सोहळे आणि चटया विकणाऱ्यांनी व्यायामाचा शोध लावलेला नाही. तथागत स्वतः पायी चालत जनपदे पालथी घालीत. अंगुत्तर निकायात भगवंतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. चालणारा प्रवासाला समर्थ होतो, प्रयत्नाला समर्थ होतो, त्याला आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर जसाच्या तसा लिहिता येईल. संयुत्त निकायातील कोसलराजा पसेनदीची गोष्टही अशीच. राजा भरपेट जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला शाप दिला नाही, उपास-तापास सांगितले नाहीत; मात्रा ओळखून जेवण्याचा सल्ला दिला. राजाने तो पाळला आणि त्याचे अंग हलके झाले. हाच मध्यम मार्ग.

आणि आपली चळवळ? ती तर पायांवर उभी राहिलेली चळवळ आहे. पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत जोतिराव फुल्यांनी मेहनत केली. २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषदेचा मांडव सोडून हजारो माणसे चवदार तळ्यापर्यंत चालत गेली. त्याच १९२७ साली समता सैनिक दल उभे राहिले. कवायत, शिस्त, लाठी यांशिवाय त्या दलाची कल्पनाच करता येत नाही. १९७९ साली नामांतरासाठी नागपुरातून औरंगाबादेकडे लाँग मार्च निघाला. अशा लोकांची मुले आज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायला गाडीला किक मारतात!

आता काही धोक्याच्या सूचना. व्यायामाच्या नावाखाली भोंदूगिरीही फार चालते. डोळे गरगर फिरवा, सूर्याकडे पाहा आणि चष्मा घालवा, असे सांगणारे भेटतील. डोळे फिरवल्याने चष्म्याचा नंबर जात नाही आणि सूर्याकडे एकटक पाहिल्याने पडदा जळतो. मोतीबिंदू व्यायामाने विरघळत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते, आणि ती सरकारी रुग्णालयात होते. काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब वाढून नस मरते. भरभर चालल्याने तो दाब काही काळ उतरतो, पण म्हणून डॉक्टरांनी दिलेले थेंब बंद करायचे नाहीत. उलट काही व्यायाम अशा रुग्णाला घातक ठरतात. चेन्नईत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शीर्षासन करताना डोळ्याचा दाब दुप्पट होतो असे आढळले. श्वास रोखून जड वजन उचलण्यानेही तो चढतो. ज्यांच्या पडद्यावर मधुमेहाने नव्या वाहिन्या फुटल्या आहेत त्यांनी जोर-बैठका, वजने, उड्या यांच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. डोळ्यात रक्त उतरू शकते. इन्सुलिन घेणाऱ्याने चालायला निघताना खिशात साखर किंवा बिस्किटे ठेवावीत आणि पायात नीट बसणारे बूट घालावेत.

आणि सर्वात महत्त्वाचे, व्यायाम हा तपासणीला पर्याय नाही. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यात औषध टाकून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घेतलाच पाहिजे. स्पष्ट दिसत असले तरीही. कारण पडद्याचा आजार सुरुवातीला काहीच त्रास देत नाही आणि त्रास होतो तेव्हा उशीर झालेला असतो. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रांत तपासला जातो, त्याचा लाभ घ्यावा. तंबाखू-विडी सोडावी, धुराने मोतीबिंदू आणि पडद्याची झीज दोन्ही वाढतात. मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा तर आपण बावीस प्रतिज्ञांतच घेतली आहे. ती भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती. आणि कोणाची दृष्टी गेलीच तर “मागच्या जन्मीचे पाप” असली भाषा आपल्या तोंडी येता कामा नये. मागच्या जन्मीच्या कर्माचा तो सिद्धांत बाबासाहेबांनी आपल्याला नाकारायला शिकवले आहे. कारण शोधा, उपाय करा, हाच धम्म.

मग करायचे काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणे. आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास, बस्स. एकट्याने हे होत नाही, चार दिवसांत उत्साह ओसरतो. म्हणून ते संघटितपणे करावे. प्रत्येक विहाराने सकाळच्या वंदनेनंतर अर्ध्या तासाचे सामूहिक चालणे सुरू करावे. त्यात महिलांची वेळ महिलांनी ठरवावी. समता सैनिक दलाच्या शाखांनी वस्तीतल्या मुलांना रविवारी उघड्यावर कवायत आणि खेळ शिकवावेत. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जो पैसा उधळला जातो त्यातला थोडा वाचवून नेत्र तपासणी शिबिर घ्यावे. मात्र चष्मे वाटून फोटो काढण्याचे शिबिर नको. पडदा तपासणारे डॉक्टर असतील, ज्यांच्यात दोष सापडेल त्यांना रुग्णालयापर्यंत नेणारे कार्यकर्ते असतील, असे शिबिर हवे.

आमच्या विहारात यंदा हे सुरू केले आहे. पहिल्या दिवशी सात जण आले, आता वीस-बावीस येतात. काकाही येतात, त्यांची नात त्यांचा हात धरून चालते. काकांची गेलेली नजर चालण्याने परत येणार नाही, हे त्यांना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. पण उरली आहे ती टिकावी म्हणून ते रोज येतात आणि न येणाऱ्यांच्या दारावर थाप मारून सांगतात, “अरे, माझ्यासारखं करू नका. उठा, चला.”

बांधवांनो, काकांची ही हाक आपल्या प्रत्येक वस्तीत पोहोचली पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्या हाती ग्रंथ दिला. तो वाचण्यासाठी डोळे शाबूत ठेवणे ही आपली जबाबदारी आहे. उद्या सकाळपासूनच सुरुवात करू या. जयभीम!